पोफळीच्या डोंगरातले ‘झायन’

गेल्या वर्षी मेअखेरीला चार दिवस पोफळीला ताईकडे जाऊन राहिलो. चिपळूणहून कऱ्हाडकडे निघालेला रस्ता कुंभार्ली घाट चढायला लागण्याआधी हे गाव लागते. आंबे संपत आलेले, फणसाचा वास घरभर, आणि पाऊस घाटमाथ्यावर येऊन नुसता गुरगुरत होता. अशा दिवसांत कोकणातल्या घरांत दुपारनंतर कुणी फारसे काही करीत नाही. रात्री जेवणे उरकल्यावर भाच्याने लॅपटॉप माजघरातल्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “मामा, ‘मॅट्रिक्स रीलोडेड’ बघू या. मी तिसऱ्यांदा बघतोय.”

भाचा सतरा वर्षांचा. हा चित्रपट २००३ साली आला, म्हणजे त्याच्या जन्माच्याही आधी. मी जरा नाक मुरडले. त्या वर्षी मुंबईत मोठ्या उत्साहाने तिकीट काढून मी तो पाहिला होता आणि “पहिलाच बरा होता” असे म्हणत बाहेर पडलो होतो. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही आपली म्हण हॉलिवूडच्या निर्मात्यांना कुणीतरी भाषांतर करून पाठवायला हवी, असेही तेव्हा मित्रमंडळींत म्हणून घेतले होते. पण पाहुण्याने यजमानाच्या मुलाचे मन मोडू नये, म्हणून बसलो.

भावजी आरामखुर्चीत पेंगत होते. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात त्यांची सारी नोकरी गेली; आता निवृत्त होऊन सुपारीच्या चार झाडांकडे बघतात. ताई निवडायची भाजी घेऊन बसली होती. मधे झायन नावाच्या शहरातला तो बेभान नाच आणि त्याच्या जोडीचा शृंगार आला, तेव्हा भाच्याने मोठ्या चपळाईने चित्र पुढे पळवले आणि आम्हीही काही न कळल्यासारखे केले. त्यानंतर एक प्रसंग आला. झोप न आलेला नायक आणि एक म्हातारा सभासद लिफ्टने शहराच्या तळाशी उतरतात. खडकाच्या पोटात प्रचंड यंत्रे धडधडत असतात. म्हातारा कठड्याला टेकून ती नुसती बघत उभा राहतो.

भावजींनी डोळे उघडले. पडद्याकडे बघितले आणि म्हणाले, “अरे, हे आमचं पावर हाऊस!”

आम्ही हसलो. आणि योगायोग असा, की त्याच मिनिटाला बाहेर वाऱ्याचा एक झोत आला, कुठेतरी फांदी पडली असावी, आणि घरातले दिवे गेले. महाराष्ट्राला वीज देणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी आम्ही मिट्ट काळोखात बसलो. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालूच होता. त्याच्या निळसर उजेडात भावजी म्हणाले, “तो म्हातारा काय सांगतोय, ते मला मराठीत सांग बघू.”

भाच्याने सांगायला सुरुवात केली आणि मी प्रथमच तो प्रसंग नीट ऐकला. बावीस वर्षे ज्या चित्रपटाला मी फसलेला दुसरा भाग समजत होतो, तो पहिल्याहून शहाणा आहे, असे मला त्या रात्री वाटले आणि आजही वाटते. का वाटते, ते सांगण्यासाठी हा लेख.

जागे झाल्यानंतरची गोष्ट

ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. वाचोव्स्की भगिनींचा ‘द मॅट्रिक्स’ १९९९ साली आला. एका संगणक-कारकुनाला असा शोध लागतो, की आपण राहतो ते शहर, ती कचेरी, तो पाऊस, सारे खोटे आहे. खऱ्या जगात यंत्रांनी माणसांना काचेच्या कोषांत झोपवून ठेवले आहे; त्यांच्या शरीरातली ऊर्जा यंत्रे वापरतात आणि माणसे बंड करू नयेत म्हणून त्यांच्या मेंदूंना एक सामुदायिक स्वप्न दाखवतात. ते स्वप्न म्हणजे मॅट्रिक्स. नायकापुढे दोन गोळ्या ठेवल्या जातात. निळी घेतली तर पुन्हा स्वप्न, लाल घेतली तर जाग. तो लाल घेतो. त्याचे नाव निओ.

ही गोष्ट जगभर गाजली, कारण ती प्रेक्षकाला गोंजारते. झोपलेले ते, जागे झालेले आपण! आज कुठलाही पक्ष, कुठलाही पंथ, कुठलाही हेकट माणूस आपण लाल गोळी घेतल्याचे सांगतो. जागे होणे इतके स्वस्त कधीच नव्हते.

दुसऱ्या भागाला ही सोय नाही. तो विचारतो, जागे झालात, पुढे काय? जागे झालेल्यांचे शहर म्हणजे झायन, जमिनीच्या खोल पोटात, जिथे पृथ्वीची ऊब अजून शिल्लक आहे तिथे वसलेले. त्याच्यावर अडीच लाख यंत्रे खोदत येत आहेत, तिथल्या प्रत्येक माणसामागे एक. त्यांना थांबवण्यासाठी निओला पुन्हा त्या खोट्या जगात उतरावे लागते, आणि चित्रपटाचा बहुतेक भाग तिथेच घडतो: एकाच शत्रूच्या शंभर प्रतींशी मारामारी, सर्व चोरदारांच्या किल्ल्या बनवणारा एक गरीब किल्लीवाला, आणि महामार्गावरचा तो प्रसिद्ध पाठलाग. गंमत अशी, की खोट्या जगातला हा पाठलाग चित्रित करायला कॅलिफोर्नियात अलामेडा येथे नौदलाच्या बंद पडलेल्या तळावर सुमारे सव्वादोन किलोमीटरचा खराखुरा रस्ता बांधावा लागला होता. भास उभा करायलाही सिमेंट लागते!

शेवटी निओ त्या जगाच्या रचनाकारापुढे जाऊन उभा राहतो. पांढऱ्या दाढीचा हा गृहस्थ दूरचित्रवाणीच्या पडद्यांनी भरलेल्या खोलीत बसून थंडपणे सांगतो, की तू पहिला तारणहार नाहीस, सहावा आहेस. तुमचे झायन याआधी पाच वेळा उद्ध्वस्त झाले आहे. स्वप्न नाकारणारी थोडी माणसे नेहमीच निघतात, त्यांच्यासाठी बंडाची सोयही आम्हीच योजनेत केली आहे. म्हणजे ज्याला निओ सुटका समजत होता, तीही यंत्राच्याच आराखड्यातली एक खोली.

२००३ साली हे संवाद डोक्यावरून गेले म्हणून प्रेक्षक चिडले, मीही चिडलो. पण आता वाटते, आपण चिडलो ते संवाद अवघड होते म्हणून नव्हे. पहिल्या भागाने दिलेली शाबासकी दुसऱ्याने काढून घेतली, हा खरा राग होता.

आणि या सगळ्या गदारोळात तो म्हातारा. त्याचे नाव हामान. झायनच्या तळघरातली यंत्रे दाखवत तो म्हणतो, की काही बिघडल्याखेरीज इथे कुणी फिरकत नाही. चालते आहे ना, मग कसे चालते याची कुणाला पर्वा नसते. एक प्रकारची यंत्रे आपल्याला मारायला येत आहेत आणि दुसरी आपल्याला जगवत आहेत, याचे त्याला नवल वाटते. निओ म्हणतो, फरक आहे; ही यंत्रे आपल्या ताब्यात आहेत, हवी तेव्हा बंद करू. म्हातारा म्हणतो, जरूर, फोडूनही टाकू. फक्त मग दिव्यांचे, उबेचे, हवेचे काय करायचे, एवढे बघावे लागेल. पाणी शुद्ध करणारे यंत्र कसे चालते ते आपल्याला ठाऊक नाही, हेही तो मोकळेपणाने सांगतो. यातून काय सिद्ध करायचे आहे असे विचारल्यावर म्हणतो, काही नाही. माझ्या वयाचे लोक त्या भानगडीत पडत नाहीत.

भाच्याने हे सांगून संपवले तेव्हा भावजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “शहाणा माणूस. आमच्याकडे बघायला आलेले लोक पहिला प्रश्न विचारायचे, इथे गरम का होतं?”

बॅटरीचा हिशोब

काळोखातच मग हिशोब सुरू झाला. तो वाचकांपुढे मांडण्यासारखा आहे.

मॅट्रिक्सची कथा एका ठिकाणी लंगडी आहे, हे शास्त्राचा कुठलाही विद्यार्थी सांगेल. माणूस ही फार वाईट बॅटरी आहे. दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या शरीरातून सरासरी शंभर वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडते, म्हणजे एका जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. ती मिळवण्यासाठी त्याला तितकेच अन्न आधी घालावे लागते. यंत्रांनी ते अन्न सरळ जाळले असते तर अधिक फायदा झाला असता.

आता पोफळी बघा. इथल्या वीजगृहात पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याचे मिळून आठ संच आहेत, क्षमता सहाशे मेगावॅट. तेवढी ऊर्जा माणसांच्या अंगातून काढायची तर साठ लाख माणसे कोषांत झोपवावी लागतील. अलोऱ्याचा तिसरा टप्पा, डोंगरातच खोदलेला हजार मेगावॅटचा चौथा टप्पा आणि धरणाच्या पायथ्याचे छोटे वीजगृह धरून संपूर्ण कोयना प्रकल्प १९६० मेगावॅटचा. म्हणजे जवळजवळ दोन कोटी माणसे. शिवाय ही नुसती उष्णता झाली. तिची वीज करताना आणखी बहुतेक वाया जाणार ते वेगळेच.

माणसांऐवजी इथे पाणी आहे. घाटमाथ्यावरच्या शिवाजीसागराचे पाणी डोंगरातल्या बोगद्यातून येते आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळून टर्बाइनच्या चाकावर आदळते. एक हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून पडले, की एक युनिटाहून थोडी जास्त वीज होते. तेच पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात साठते, अलोऱ्याला पुन्हा थोडी वीज देते आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला, म्हणजे समुद्राला मिळते.

भावजींनी विचारले, “हा डबा किती वॅट खातो?” भाचा म्हणाला, पन्नास धरा. चित्रपट सव्वादोन तासांहून थोडा जास्त. आकडे मांडल्यावर उत्तर आले, कोयनेचे सुमारे शंभर लिटर पाणी.

इतका वेळ न बोललेली ताई म्हणाली, “म्हणजे सहा हंडे ओतून हा पिच्चर बघितलात म्हणा की.”

खेळांसाठी मुले घेतात तो मोठा संगणक पडद्यासकट चारशे वॅट सहज खातो. त्याच्यापुढे अडीच तास बसले, की एक युनिट. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी जवळजवळ रिकामी. अर्थात ग्रिडमध्ये सगळी वीज मिसळलेली असते. आपल्या राज्यात तिच्यातली बरीचशी कोळशाची असते, आणि कोयनेचे संच मुख्यतः सकाळ-संध्याकाळ मागणी चढते तेव्हा धावून येतात. तुमच्या घरातला अमुक दिवा अमुक पाण्यावर लागला असे कुणी दाखवू शकणार नाही. पण हिशोब मनात राहतो. ‘आभासी’ या शब्दाला सहा हंड्यांचे वजन आहे, हे एकदा कळले की तो शब्द पूर्वीसारखा हलका वाटत नाही.

जगाच्या पातळीवरही हेच आहे. माहितीची कोठारे म्हणावीत अशा डेटा सेंटरांनी २०२४ साली जगभरात सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. जगातल्या एकूण विजेच्या साधारण दीड टक्का. यातली कितीतरी कोठारे आपल्या नव्या मुंबईत, ऐरोली-महापे-रबाळे पट्ट्यात उभी आहेत. बाहेरून ती खिडक्या नसलेल्या गोदामासारखी दिसतात. आत सारखी ऊब आणि सारखी घरघर. हामानला तिथे नेले असते तर तो कठड्याला टेकून उभा राहिला असता.

मायेची सोपी वाट

मॅट्रिक्सचे चित्रपट आले तेव्हा आपल्याकडे एक प्रतिक्रिया फार जोरात होती: यात नवीन काय? हे तर आमच्या वेदान्ताने केव्हाच सांगितले आहे, जग मिथ्या आहे. २००३ च्याच नोव्हेंबरात आलेल्या तिसऱ्या भागाच्या श्रेयनामावलीत उपनिषदातला मंत्र वाजला, त्या भागात एका भारतीय नावाच्या कुटुंबाची मुलगी सती आली, आणि २०२१ च्या चौथ्या भागात तीच सती मोठी होऊन प्रियांका चोप्राच्या रूपाने अवतरली, तेव्हा तर आपली छाती आणखी फुगली.

अभिमानाला माझी हरकत नाही. पण ‘सगळी माया आहे’ हे वाक्य आपण फार सोयीने वापरतो, अशी शंका मला अनेक वर्षे आहे. ज्याचे घर पाण्याखाली गेले त्याला ते कुणी सांगून बघावे. आपल्या संतांनीही ते असे वापरलेले नाही. मायेची चर्चा त्यांनी भरपूर केली, पण सावता माळ्याने मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक थांबवले नाही, जनाबाईंचे दळण चुकले नाही. जग भास आहे म्हणून भाजीला पाणी घालायचे नाही, असा निष्कर्ष त्यांच्यातल्या कुणीच काढला नाही. तो निष्कर्ष दुसऱ्याने पाणी घातलेली भाजी खाणाऱ्यांनाच परवडतो.

‘रीलोडेड’चे मोठेपण मला इथे दिसते. खरे कोणते आणि खोटे कोणते, हा पहिल्या भागाचा प्रश्न. तो प्रश्न हुशार पण आळशी आहे. त्यावर रात्रभर बोलता येते आणि सकाळी काही करावे लागत नाही. दुसऱ्या भागाचा प्रश्न वेगळा आहे: तू जिथे उभा आहेस, खऱ्या जगात किंवा खोट्या, त्याच्या खाली कोणते यंत्र चालू आहे आणि त्याची किंमत कोण देतो? चौथ्या भागात तर माणसे आणि काही यंत्रे मिळून एका नव्या शहरात स्ट्रॉबेरी पिकवताना दिसतात. म्हणजे म्हाताऱ्याच्या त्या न मांडलेल्या मुद्द्याला अठरा वर्षांनी फळ आले म्हणायचे.

घाटाच्या वर आणि घाटाच्या खाली

हा प्रश्न पोफळीत बसून विचारला, की तो चित्रपटापुरता राहत नाही.

कोयना धरणाचे काम १९५० च्या दशकात सुरू झाले आणि १९६२ साली पोफळीत वीज तयार होऊ लागली. महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी असे तिचे कौतुक झाले, आणि ते खोटे नव्हते. मुंबई-पुण्याचे कारखाने, आमच्या पिढीने ज्याच्या उजेडात अभ्यास केला ते दिवे, यांच्यामागे हा डोंगर उभा आहे. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी भरल्या जलाशयाच्या तळाला आतून स्फोट करून पाणी बोगद्यात घेतले गेले, तेव्हा आपल्या अभियंत्यांच्या कसबाची देशभर वाखाणणी झाली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला अमेरिकेत पहिला ‘मॅट्रिक्स’ पडद्यावर आला. एकीकडे भासाच्या जगाचे दार उघडत होते आणि दुसरीकडे आमच्या डोंगराच्या पोटात पाण्याचे. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे, असे तेव्हा कुणाच्या मनातही आले नसेल.

पण शिवाजीसागराच्या तळाशी गावे आहेत. त्या गावांतली माणसे कुठे कुठे विखुरली. धरणात पाणी साठून अर्धशतक उलटल्यावर, २०१८ साली कोयनानगरला प्रकल्पग्रस्तांनी अनेक दिवस ठिय्या दिला होता. मागण्या काय होत्या? जमीन, पुनर्वसन, हक्काची नोंद. ज्यांनी पहिला हप्ता भरला त्यांची पावती अजून फाटायची होती! ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगर जमीनदोस्त झाले. त्या पहाटेची आठवण असलेली माणसे या भागात अजून आहेत आणि जमीन थरथरली, की ती काही न बोलता अंगणात येऊन उभी राहतात.

पाण्याचाही एक हिशोब आहे. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे, सांगलीकडे आणि पुढे जाते. विजेसाठी आपण ते सह्याद्री फोडून पश्चिमेला आणले. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली, कारण पश्चिमेला सोडलेला प्रत्येक थेंब पूर्वेच्या शेताला मुकतो. आणि पश्चिमेला आलेला थेंब तरी कोकणाच्या वाट्याला कितीसा येतो? वीज करून झालेले पाणी वाशिष्ठीतून समुद्राकडे जाते आणि मे महिन्यात कोकणातल्या डोंगरवाड्या टँकरची वाट बघतात. ‘रीलोडेड’मध्ये निवड या शब्दाचा फार घोळ आहे, प्रत्येक पात्र त्यावर व्याख्यान देते. इथे तो घोळ नाही. पाणी पूर्वेला की पश्चिमेला, शेताला की दिव्याला, ही निवड दरवर्षी होते. फक्त ती करताना आपल्याला कुणी उठवत नाही आणि आपणही विचारत नाही.

वीज नको, धरण नको, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे निओने कठड्यावरून यंत्रे बंद करण्याची भाषा करणे. दिवे हवेत, ऊब हवी, दवाखाना हवा, आणि मुलांना चित्रपटही हवेत. पण आईजीच्या जिवावर बाईजी उदार, असे करून ते उपभोगायचे आणि वर मुलांना ‘खऱ्या जगात या’ म्हणून झापायचे, यात काही तरी चुकते आहे.

मुलांना काय सांगायचे

हे शेवटचे वाक्य मी स्वतःला उद्देशून लिहिले आहे. आमच्या वयाच्या बहुतेकांचे हल्ली एकच रडगाणे असते: मुले मोबाईलमध्ये बुडाली, आभासी जगात हरवली. मीही भाच्याला तेच ऐकवत आलो. तो त्या रात्री मला म्हणाला, “मामा, तुम्ही मुंबईत बटण दाबता आणि पंखा फिरतो. तो कुठून फिरतो हे तुम्हाला माहीत नव्हतं. मग तुम्ही तरी कुठे खऱ्या जगात राहता?”

मला उत्तर सुचले नाही. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवली. टाळेबंदीचे दिवस, कचेऱ्या, शाळा, परीक्षा सगळे पडद्यावर गेलेले. दहाच्या सुमाराला मुंबई आणि भोवतालच्या भागाची वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, आणि घरोघरी माणसे काळ्या पडद्यापुढे हात चोळत बसली. त्याच वर्षी ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांनी वीज नसताना आठवडेच्या आठवडे काढले होते आणि कोकणातली मुले रेंज शोधत डोंगर चढत होती. मुंबईतल्या माझ्या घरी त्या सकाळी काही तासांत वीज आली आणि मी पुन्हा सगळे विसरलो. हामान म्हणतो तसेच: बिघडले तेव्हा चौकशी, चालू झाले की विसर.

म्हणून मुलांना पडद्यापासून ओढून काढण्यापेक्षा पडद्याच्या मागची वाट त्यांना दाखवावी, असे मला आता वाटते. शाळेच्या सहली हल्ली पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या बागांत जातात. आमच्या वेळी त्या धरणावर जात. कोयनेच्या वीजगृहात मी शाळेच्या सहलीबरोबरच प्रथम गेलो होतो. बोगद्यातून आत शिरताना कानांत भरलेली घरघर आणि अंगाला लागलेली दमट ऊब अजून लक्षात आहे. आता सुरक्षेच्या कारणाने तिथे सर्वांना सहज जाता येत नाही, ते समजण्यासारखे आहे. पण कोळकेवाडीचा जलाशय, घाटमाथ्यावरचे धरण एवढे तरी दाखवता येते. आणि दाखवताना यंत्राची क्षमता सांगून थांबू नये. खाली कोणती गावे आहेत, ती माणसे आता कुठे आहेत, त्यांचे देणे फिटले का, हेही सांगावे. सांगणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर त्याने आधी विचारून घ्यावे. मतदार म्हणून, ग्राहक म्हणून ते देणे फेडण्याचा आग्रह धरणे हे आपले काम. मुलांचे काम एवढेच, की त्यांनी मोठे होईपर्यंत ते विसरू नये.

दिवे परत यायला रात्रीचा एक वाजला. तोवर लॅपटॉपची बॅटरीही संपली होती आणि चित्रपट रचनाकाराच्या खोलीशीच थांबला होता. भाच्याने भावजींना विचारले, “बाबा, तुम्ही कधी सगळे संच बंद केलेत?”

“बंद करायला काय, करता येतात,” भावजी म्हणाले. “पण खोलीत वर फोन असतो. लगेच वाजतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा मला घेऊन कोळकेवाडीकडे निघाला. वाटेत त्याने विचारले, की पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे कुठे मिळतील. मला ती सांगता आली नाहीत. भावजींना चार ठाऊक होती. ती त्याने मोबाईलमध्ये लिहून घेतली आहेत आणि बाकीची शोधतो आहे.